आतल्या खोलीतला कॉम्प्युटर

घरात नवा लॅपटॉप आला की जुना डेस्कटॉप लगेच भंगारवाल्याकडे जात नाही. आधी तो आतल्या खोलीत जातो. त्याच्यावर दहा-बारा वर्षांचे फोटो असतात, मुलांच्या प्रोजेक्टच्या फायली असतात, वडिलांनी स्कॅन करून ठेवलेले सातबारे आणि खरेदीखतं असतात. घरातला एकुलता एक प्रिंटरही बहुधा त्यालाच जोडलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चं सर्वसाधारण समर्थन थांबवलं आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट मशीनं एका दिवसात कालबाह्य ठरली. त्यांच्यावर लिनक्स मिंट टाकलं तर ४ जीबी रॅमवरही ती आणखी बरीच वर्षं नीट काम देतात. फोटोंचा साठा सांभाळणं, रात्रभर मोठ्या फायली उतरवणं, बॅकअप घेणं, व्हिडिओ एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणं या कामांना नवं मशीन लागत नाही. त्यांना चालू राहणारं मशीन लागतं.

अडचण येते ती बसण्याची. त्या खोलीत कोणीतरी झोपलेलं असतं, मॉनिटर जुना आणि मंद असतो, कीबोर्डचं एखादं बटण गेलेलं असतं. म्हणून चांगलं मशीन पडून राहतं. खरं तर बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपवरूनच ते पूर्णपणे वापरता येतं, आणि त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. या प्रकरणात ते कसं करायचं हे आहेच, पण आत काय घडतं यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. आतलं कळलं की कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कोणती गोष्ट चुकूनही करू नये, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

दुसऱ्या ठिकाणचा कॉम्प्युटर हाताळण्यासाठी तारेवरून दोनच गोष्टी जाव्या लागतात. तिकडच्या पडद्याचं चित्र इकडे यायला हवं आणि इकडच्या हातांची हालचाल तिकडे पोचायला हवी. प्रोग्राम तिकडेच चालतात, फायली तिकडेच राहतात, प्रिंटरही तिकडचाच.

ही विभागणी सगळ्या जगासमोर पहिल्यांदा मांडली गेली ती ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत. डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तासाच्या प्रात्यक्षिकात माउस, खिडक्यांत विभागलेला पडदा, एकमेकांना जोडलेले मजकूर असं बरंच काही दाखवलं. माउसमुळे ते प्रात्यक्षिक गाजलं. पण ज्या कॉम्प्युटरवर हे सगळं चाललं होतं तो त्या सभागृहात नव्हताच. तो सुमारे ५० किलोमीटरवर, मेनलो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होता. तिथल्या लहान पडद्यांसमोर टीव्ही कॅमेरे रोखलेले होते आणि त्यांचं चित्र मायक्रोवेव्ह दुव्यांवरून सभागृहात येत होतं. उलट दिशेने एंगलबार्ट यांच्या माउस-कीबोर्डचे संकेत घरीच बनवलेल्या मोडेमवरून जात होते, सेकंदाला १२०० बिट या गतीने. चित्रासाठी एवढी मोठी यंत्रणा आणि हातांच्या हालचालीसाठी एवढीशी तार! हे व्यस्त प्रमाण आजही तसंच आहे आणि या विषयातली सगळी कारागिरी त्या चित्राच्या ओझ्याभोवतीच फिरते.

ओझं किती ते पाहू. आजच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगासाठी ४ बाइट धरले तर एका चित्राचे सुमारे ८३ लाख बाइट होतात. सेकंदाला ३० चित्रं पाठवायची म्हटली तर जवळजवळ २ गिगाबिटची लाईन लागेल. घरातल्या वायफायला हे पेलणारं नाही. मग जुन्या मशीनचा पडदा लॅपटॉपवर इतका सहज दिसतो कसा?

याचं उत्तर केंब्रिजमध्ये सापडतं. तिथे ऑलिव्हेटी या इटालियन कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती; पुढे ओरॅकलही त्यात भागीदार झाली. अँडी हॉपर हे तिचे प्रमुख. माणूस इमारतीत कुठेही गेला तरी त्याचं काम त्याच्यासमोरच्या पडद्यावर हजर व्हावं, हा तिथल्या लोकांचा ध्यास होता. कर्मचाऱ्यांच्या छातीवर इन्फ्रारेड संकेत सोडणारे बिल्ले असत आणि कोण कोणत्या खोलीत आहे हे यंत्रणेला कळत असे. तिथेच ‘व्हिडिओटाइल’ नावाचा एक नुसता पडदा बनवला गेला. त्याला पेन होतं, वेगवान नेटवर्कची जोडणी होती, पण स्वतःची बुद्धी जवळजवळ नव्हती. पुढे तोच पडदा सॉफ्टवेअरच्या रूपात उतरवण्यात आला आणि त्यातून व्हीएनसी जन्माला आलं, म्हणजे ‘व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग’. ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांनी १९९८मध्ये त्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला. यातल्या स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी आधी, १९९१मध्ये, केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत पॉल जार्डेट्झ्की यांच्यासोबत कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता. भांड्यात कॉफी उरली आहे की नाही हे जिने न चढता, आपल्या टेबलावरूनच दिसावं म्हणून. दुसऱ्या खोलीतलं चित्र आपल्या पडद्यावर आणायची ही हौस व्हीएनसीच्या आधीपासूनची आहे.

त्याच वर्षी, १९९८मध्ये, प्रयोगशाळेने व्हीएनसीचा सगळा कोड जीपीएल परवान्याखाली मोकळा केला. कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की वाटताना पुढच्यालाही तेच हक्क द्यावेत. १९९९मध्ये एटी अँड टीने प्रयोगशाळा विकत घेतली आणि २००२मध्ये ती बंद केली. कोड कंपनीच्या कपाटात असता तर व्हीएनसी तिथेच संपलं असतं. तो लोकांकडे पोचलेला होता म्हणून जगला. मूळ चमूतल्या काहींनी रिअलव्हीएनसी ही कंपनी काढली आणि इतरत्र टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी, टायगरव्हीएनसी अशी भावंडं उभी राहिली. २०११मध्ये या संवादाचे नियम आरएफसी ६१४३ या क्रमांकाने इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदले गेले. घरच्या कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरच घ्यावं असं मी आग्रहाने म्हणतो ते याच कारणाने. ज्या दारातून आपल्या सगळ्या कागदपत्रांपर्यंत पोचता येतं, ते दार कसं बनवलंय हे कोणालाही उघडून पाहता आलं पाहिजे आणि बनवणाऱ्याचं दुकान बंद झालं तरी ते आपल्याकडे राहिलं पाहिजे.

आता ओझ्याकडे परत येऊ. व्हीएनसीची मूळ कल्पना फार साधी आहे: ‘या जागी, एवढ्या लांबीरुंदीचा, या रंगांचा आयत काढ.’ तिकडचा सर्व्हर एवढंच सांगतो आणि इकडचा व्ह्यूअर तेवढंच करतो. संपूर्ण चित्र एकदाच येतं. नंतर पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढेच आयत येतात. तुम्ही पत्र टाइप करत असाल तर एका अक्षराने बदलणारा भाग अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान असतो. शिवाय सर्व्हर आपण होऊन काही पाठवत नाही. व्ह्यूअरने ‘आता पुढचं दे’ असं म्हटल्यावरच तो पाठवतो. त्यामुळे लाईन मंद असली तर मधली चित्रं गाळली जातात, पण शेवटी दिसतं ते खरंच असतं.

खिडकी सरकवण्याचं उदाहरण मला विशेष आवडतं. ६०० बाय ४०० ठिपक्यांची खिडकी उजवीकडे ओढली, तर तिचे २ लाख ४० हजार ठिपके नव्याने पाठवायला ९ लाख ६० हजार बाइट लागतील. व्हीएनसीत त्यासाठी ‘कॉपीरेक्ट’ नावाची युक्ती आहे. सर्व्हर म्हणतो, ‘हा आयत तुझ्याकडे आहेच, तिथून उचल आणि इथे ठेव.’ हा निरोप १६ बाइटांचा असतो. खिडकीमागून उघडा पडलेला भाग तेवढा वेगळा पाठवावा लागतो.

उलट दिशेचा प्रवास आणखी हलका. माउसची हालचाल किंवा क्लिक म्हणजे ६ बाइट: एक बाइट हा माउसचा निरोप आहे असं सांगणारा, एक कोणती बटणं दाबलेली आहेत ते सांगणारा, दोन आडव्या जागेसाठी आणि दोन उभ्या जागेसाठी. कीबोर्डवरचं एक बटण दाबणं ८ बाइटांत मावतं आणि ते सोडणं आणखी ८ बाइटांत. बटण सोडल्याचा निरोप वाटेत अडकला तर अक्षर तिकडे उमटतच राहतं. नेट अडखळलं की ‘ममममम’ अशी रांग लागते ती यामुळे. तो निरोप पोचला की थांबते.

आणखी एक गुण या रचनेतून आपोआप मिळतो. व्ह्यूअरकडे काहीच साठत नसल्यामुळे लॅपटॉपची बॅटरी संपली, वायफाय तुटलं, तरी तिकडचं काम चालूच राहतं. अर्ध्या तासाने दुसऱ्या मशीनवरून जोडलं तरी कर्सर सोडला होता त्याच शब्दावर असतो.

प्रत्यक्ष मांडणीत पहिला निर्णय मराठी पुस्तकांत क्वचितच नीट सांगितलेला असतो. तुम्हाला त्या मशीनचा खरा पडदा हवा आहे की निराळा? लिनक्सवर एक्स११व्हीएनसी हा प्रोग्राम समोरच्या मॉनिटरवर जे दिसतंय तेच तुम्हाला दाखवतो. तुम्ही माउस हलवला की तिकडच्या मॉनिटरवर बाण हलतो आणि तिथे बसलेल्या माणसाला ते दिसतं. टायगरव्हीएनसीचा नेहमीचा सर्व्हर मात्र एक स्वतंत्र, अदृश्य पडदा तयार करतो. तिकडे आजोबा कीर्तन ऐकत असतील तर त्यांना धक्काही न लावता तुम्ही त्याच मशीनवर तुमच्या पडद्यात काम करू शकता. शिकवायचं किंवा मदत करायची असेल तर पहिला प्रकार घ्यावा, नुसतं काम करून घ्यायचं असेल तर दुसरा. एक्स११व्हीएनसीला जुनी एक्स पडदा-व्यवस्था लागते. लिनक्स मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत ती अजून मूळचीच मिळते. वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर त्यांची अंगची सोय वापरावी लागते.

जुन्या मशीनवर विंडोजच ठेवायची असेल तर तिच्यातही रिमोट डेस्कटॉप आहे आणि तो चांगला आहे, पण होम आवृत्तीच्या मशीनला त्यातून बाहेरून जोडता येत नाही. घरोघरी बहुतेक होम आवृत्तीच असते. तिथे टाइटव्हीएनसी किंवा अल्ट्राव्हीएनसी घालावं.

जुना डेस्कटॉप वायफायवर न ठेवता शक्य तर केबलने राउटरला जोडा. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा अंतर्गत पत्ता कायमचा राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०, नाहीतर एखाद्या दिवशी लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि तुम्ही शोधत बसता. मॉनिटर काढून टाकला तर काही मशीनं पडदा तयारच करत नाहीत किंवा अगदी लहान चित्र देतात. बाजारात एचडीएमआयचा एक छोटा डमी प्लग मिळतो. तो मागे खोचला की मशीनला मॉनिटर जोडलेला आहे असंच वाटतं.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर असतील तर चित्र आणायचीही गरज नाही. इनपुट लीप हे मुक्त सॉफ्टवेअर दोन्हींवर घातलं की लॅपटॉपच्या पडद्याच्या उजव्या कडेबाहेर नेलेला बाण शेजारच्या मॉनिटरवर निघतो आणि कीबोर्डही त्याच्याबरोबर तिकडे जातो. तारेवरून फक्त हालचाल जाते.

आता दाराविषयी. इथे मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

व्हीएनसीचा मूळ पासवर्ड फक्त पहिली ८ अक्षरं बघतो. तुम्ही वीस अक्षरांचं वाक्य ठेवलं तरी नवव्या अक्षरापासून पुढचं सगळं वाया. पासवर्ड तपासून झाल्यावर पुढचा संवाद, म्हणजे तुमच्या पडद्याचं चित्र आणि तुम्ही दाबलेली बटणं, मूळ रचनेत उघड्यावरच जातो. टायगरव्हीएनसीसारख्या नव्या आवृत्त्यांत तो गुपित करायची सोय आहे, पण दोन्ही टोकांना ती जुळली पाहिजे. म्हणून व्हीएनसीचं ५९०० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, राउटरमधून बाहेरच्या जगाला उघडणं, ज्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, ते करू नका. अनेक व्हिडिओंत हीच पहिली पायरी म्हणून शिकवतात.

‘माझ्या घरच्या जुन्या मशीनकडे कोण बघतंय?’ असं अनेकजण मला विचारतात. इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे. २०१३मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन प्रसिद्ध केलं आणि एका साध्या मशीनवरून, गिगाबिट लाईनवर, ते सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत ठोठावून होतात हे दाखवलं. तेव्हा तुमचं घर कोणी मुद्दाम निवडत नाही. सगळीच दारं वाजवली जातात आणि उघडं असेल ते सापडतं. रिमोट डेस्कटॉपच्या ३३८९ या पोर्टचीही तीच गत. मे २०१९मध्ये त्यातली ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. पासवर्ड न देताच आत शिरता येईल अशी ती होती, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने २०१४मध्येच समर्थन संपलेल्या विंडोज एक्सपीलाही दुरुस्ती पाठवली.

यावरचा उपाय जुना आणि खंबीर आहे: एसएसएच. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी येणारेजाणारे पासवर्ड टिपत असल्याचं उघड झालं. त्या काळी टेलनेटने दूरच्या मशीनवर जात आणि पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जाई. तिथल्या तातू युलोनेन यांनी त्यावर उत्तर म्हणून एसएसएच लिहिलं आणि त्यासाठी पोर्ट क्रमांक २२ मागून घेतला. फायली पाठवणारं एफटीपी २१वर होतं आणि टेलनेट २३वर. मधला क्रमांक मोकळा होता, आणि या नव्या साधनाला तर दोघांचीही जागा घ्यायची होती. १९९९मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती, ओपनएसएसएच, काढली. आज ती लिनक्सवर सर्वत्र मिळते आणि २०१८पासून विंडोज १०मध्येही तिचा क्लायंट अंगचाच येतो. लॅपटॉपवर वेगळं काही घालावं लागत नाही.

मांडणी अशी करायची. जुन्या मशीनवर व्हीएनसी सर्व्हरला सांगायचं की फक्त याच मशीनवरून आलेली जोडणी घे. एक्स११व्हीएनसीत त्यासाठी ‘लोकलहोस्ट’ नावाचा पर्याय आहे. आता घरातल्या दुसऱ्या मशीनलाही ५९०० हे दार दिसत नाही. मग लॅपटॉपवरून एसएसएचने जुन्या मशीनमध्ये जायचं आणि त्या आज्ञेतच सांगायचं की माझ्या लॅपटॉपचं ५९०० हे पोर्ट तुझ्या ५९००ला आतून जोड. नंतर व्ह्यूअरला पत्ता द्यायचा तो लॅपटॉपचा स्वतःचाच. व्ह्यूअरला वाटतं सर्व्हर इथेच आहे, सर्व्हरला वाटतं व्ह्यूअर इथेच आहे, आणि मधलं सगळं गुपित होऊन जातं. पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरली तर आणखी उत्तम. खाजगी किल्ली लॅपटॉपवरच राहते, सार्वजनिक किल्ली जुन्या मशीनवर ठेवायची, आणि एकदा हे जमलं की एसएसएचमधला पासवर्डचा मार्गच बंद करून टाकायचा.

एसएसएच एकदा बसवलं की ध्यानात येतं, निम्म्या वेळा पडदा बघण्याची गरजच नसते. फोटो आणायचे असतील तर त्याच दारातून एसएफटीपीने आणता येतात. डिस्कवर किती जागा उरली, बॅकअप कुठवर आला, मशीन बंद करायचं, हे सगळं दोन शब्दांच्या आज्ञांनी होतं. मी शिकणाऱ्यांना आधी एसएसएच आणि मग व्हीएनसी या क्रमाने शिकवतो, कारण उलट क्रमाने शिकलेला माणूस प्रत्येक कामासाठी पडदा उघडत राहतो.

मशीन चोवीस तास चालू ठेवायचं का? वीजबिल पाहता नको. बंद मशीन दुरून जागं करता येतं. जुन्या डेस्कटॉपच्या मागे बघा. सीपीयू बंद आहे, पंखा थांबलाय, तरी जिथे केबल खोचलेली आहे तिथला हिरवा दिवा बऱ्याचदा लुकलुकत असतो. नेटवर्क कार्डाचा थोडासा भाग जागा असतो आणि तो एका ठरावीक निरोपाची वाट पाहत असतो. हा निरोप १०२ बाइटांचा असतो: आधी ६ वेळा २५५ हा आकडा, आणि मग त्या कार्डाचा ६ बाइटांचा मॅक पत्ता लागोपाठ १६ वेळा. इतर कोणत्याही माहितीत एवढी ओळ योगायोगाने येणं जवळजवळ अशक्य; कार्डाला काही समजून घ्यावं लागत नाही, नुसती ओळख पटली की ते मदरबोर्डला उठवतं. वेक-ऑन-लॅन या नावाने बायोसमध्ये ही सोय चालू करावी लागते. त्याच जागी ‘ईआरपी’ नावाची वीजबचत चालू असेल तर ती बंद करावी, कारण ती कार्डाची ही उरलेली वीजही तोडते. विंडोज असेल तर फास्ट स्टार्टअपही आडवा येऊ शकतो. हे सगळं केबलवर खात्रीने चालतं, वायफायवर बहुधा नाही. आणि भिंतीवरचा खटका बंद केला तर अर्थातच काही नाही. लाईट गेली-आली तरी मशीन आपोआप सुरू व्हावं असं वाटत असेल तर बायोसमध्येच वीज परतल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना लवकरच एक अडचण भेटते. इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी ‘के’च्या बटणावर ‘क’ असतो. व्हीएनसी बटणाची जागा पाठवत नाही, त्यातून निघालेलं चिन्ह पाठवतं. इंग्रजी ‘के’साठी १०७ हा आकडा जातो, देवनागरी ‘क’ युनिकोडमध्ये २३२५व्या जागी आहे, आणि लॅपटॉपवर मराठी चालू असेल तर त्यावर आधारलेला आकडा जातो. तिकडच्या मशीनच्या कीबोर्डवर असं चिन्ह देणारं बटण नसेल तर काही सर्व्हर तात्पुरती सोय करतात, काही गोंधळतात आणि अक्षर गळतं. म्हणून लॅपटॉपवर इंग्रजी ठेवा आणि मराठी तिकडच्या मशीनवर, आयबस या साधनातून, चालू करा. त्यात इनस्क्रिप्टही आहे आणि उच्चाराप्रमाणे लिहायची पद्धतही. तिकडे साधा ‘के’ पोचतो आणि ‘क’ तिकडेच तयार होतो. कॉपी-पेस्टचंही तसंच आहे. व्हीएनसीच्या मूळ नियमांत क्लिपबोर्डला पश्चिम युरोपीय लिपीचीच अक्षरं माहीत होती, त्यामुळे देवनागरी परिच्छेद चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग येते. टायगरव्हीएनसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी ही मर्यादा दूर केली आहे. पण दोन्ही टोकांना नवी आवृत्ती हवी.

घराबाहेरून हेच करायचं तर भारतात एक वेगळा अडसर येतो. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक इंटरनेट कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि इंटरनेटला दिसणारा पत्ता वेगळे असतील तर तुमचंही तसंच आहे. मग बाहेरून तुमच्या घरापर्यंत थेट येताच येत नाही. आयपीव्ही६, म्हणजे नव्या, सहाव्या आवृत्तीचा पत्ता मिळत असेल किंवा कंपनीकडून स्थिर पत्ता घेतला असेल तर वायरगार्ड हा मुक्त मार्ग सर्वांत चांगला. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं हे व्हीपीएन सुमारे ४ हजार ओळींचं आहे आणि मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीच्या गाभ्यातच सामील झालं. ते जोडलं की पुण्यातल्या ऑफिसातला लॅपटॉप साताऱ्याच्या घरच्या नेटवर्कमध्येच बसल्यासारखा होतो, आणि वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं चालतं.

ते जमण्यासारखं नसेल तर रस्टडेस्क. हेही मुक्त सॉफ्टवेअर आहे. दोन्ही मशीनं आपणहून बाहेरच्या एका सर्व्हरकडे जातात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. थेट गाठ पडली नाही तर मजकूर त्याच्यामार्फत जातो. हा मधला सर्व्हर स्वतःचा चालवायचीही मुभा आहे. ज्यांना महिन्याला थोडे पैसे देऊन छोटा सर्व्हर भाड्याने घेणं परवडतं त्यांनी तो जरूर घ्यावा.

रस्टडेस्कचा सर्वांत मोठा उपयोग होतो तो परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलामुलींना. आईचा फोन येतो, ‘अरे, ते पेन्शनच्या दाखल्याचं पान उघडत नाहीये,’ आणि फोनवर ‘वर उजवीकडे तीन रेघा दिसतात का?’ असं विचारत बसण्याऐवजी तिचा पडदा पाहता येतो. पण नेमकी हीच सोय भामट्यांनीही उचलली आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना इशारा दिला होता की दूरनियंत्रणाचं ॲप मोबाइलवर घ्यायला लावून, त्याचा क्रमांक मागून घेऊन लोकांची खाती रिकामी केली जात आहेत. ‘केवायसी संपलीय, हे ॲप घ्या’ हा फोन आजही येतो.

म्हणून आईवडिलांच्या मशीनवर कायमचा पासवर्ड ठेवू नये असं माझं मत आहे. दर वेळी जोडणी आली की त्यांच्या पडद्यावर विचारणा व्हावी आणि त्यांनी स्वतः होकार दाबावा. रस्टडेस्कमध्ये तशी निवड करता येते. पहिल्याच दिवशी त्यांच्याशेजारी बसून, किंवा फोन चालू ठेवून, तीन गोष्टी त्यांच्याच हातून करून घ्या: ॲप उघडणं, होकार देणं आणि मध्येच जोडणी तोडणं. तिसरी सर्वांत महत्त्वाची. तुम्ही माउस हलवत असतानाच त्यांना तोडायला सांगा, म्हणजे आपल्या हातात काय आहे हे त्यांना दिसेल. त्यांना हेही सांगा की आधी आपण फोन करणार, मग जोडणार. फोनवर दुसऱ्या कोणी ॲपवर दिसणारा क्रमांक मागितला, मग तो बँकेतला असो, वीजमंडळाचा असो की पोलिसांचा, तर फोन ठेवून द्यायचा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचं. १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा.